‘फक्त भारत’ लावलं म्हणून त्रेपन्न नंबरचं दार बंद होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत घरी डीएनएस सर्व्हर कसा बसवावा यावर लेख आला. आमच्या ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो इतका फिरला, की शेवटी मी अंक मागवून मूळ लेखच वाचला. लेख बरा आहे. मराठीत हा विषय इतक्या सोप्या शब्दांत कुणी मांडलेला मी तरी पाहिला नव्हता. माझी तक्रार आहे ती खालच्या रंगीत चौकटीबद्दल. घराबाहेरूनही हा सर्व्हर वापरायचा असेल तर राउटरवर पोर्ट ५३ (डीएनएसचे प्रश्न आत येतात ते त्रेपन्न नंबरचं दार) उघडा आणि फायरवॉलला (दारावरच्या पहारेकऱ्याला) ‘फक्त भारत’ असा देशाचा नियम लावा, म्हणजे परदेशी हॅकरांची कटकट मिटली, असा त्या चौकटीचा आशय.

मी संगमनेरात आणि आजूबाजूच्या काही गावांत फायबर इंटरनेट देतो. आधी केबल टीव्ही होता, डिश आल्यावर तो धंदा बसला, मग नेटकडे वळलो. त्यामुळे चौकट छापलीत तुम्ही आणि फोन वाजतोय माझा. "भाऊ, स्टॅटिक आयपी द्या आणि त्रेपन्न नंबर उघडून द्या, पेपरात आलंय." (स्टॅटिक आयपी म्हणजे कधी न बदलणारा इंटरनेटचा पत्ता.) पेपरात आलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकतो! म्हणून हे पत्र. लांबलं आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर करा, फक्त विटांचा भाग ठेवा.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेबसाइटचं नाव टाकलं की ते नाव कुठल्या आकडी पत्त्यावर आहे हे सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती आखली, ती आजतागायत चालू आहे. आता लोक घरातच एक छोटा डीएनएस सर्व्हर ठेवतात. पाय-होल किंवा ॲडगार्ड होम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हाताच्या पंजाएवढ्या, रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर चालतं, आणि जाहिरातींच्या सर्व्हरचं नाव कुणी विचारलं की "असं कुणी नाही" म्हणून मोकळं होतं. घरातल्या सगळ्या मोबाइलवरच्या, टीव्हीवरच्या बऱ्याचशा जाहिराती आपोआप गायब. पोरांच्या हातात मोबाइल देताना आईबापांना याचा आधार वाटतो. घराच्या आत हे जरूर करावं, मी स्वतः लोकांना बसवून देतो.

अडचण उंबऱ्याबाहेर सुरू होते. घरात जाहिराती नसतात, एसटीत बसलं की पुन्हा सुरू. मग माणसाला वाटतं, घरचाच सर्व्हर बाहेरूनही वापरू. त्यासाठी ५३ नंबरचं पोर्ट उघडायचं, आणि भीती वाटली तर देशाचा नियम लावायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

पोर्ट उघडलं की ते जगाला सापडायला वेळ लागत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. एका साध्या संगणकावरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, जगातले सगळे आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा "माझ्यासारख्या लहान माणसाच्या मागे कोण लागतंय" या बोलण्याला अर्थ नाही. कुणी मागे लागत नाही, यंत्रं सरसकट सगळ्यांची दारं वाजवत जातात. काही चांगल्या हेतूनेही वाजवतात. शॅडोसर्व्हर नावाची ना-नफा संस्था रोज असं तपासते आणि उघडे सर्व्हर सापडले की त्या त्या नेटवर्कच्या मालकाला कळवते.

आता विटा.

समजा, माझं तुमच्याशी वाकडं आहे. मी तालुक्यातल्या झाडून सगळ्या वीटभट्ट्यांना फोन लावला आणि प्रत्येकाला तुमचं नाव-पत्ता सांगून म्हटलं, "एक ट्रक वीट टाका दारात." फोन माझा एका मिनिटाचा. भट्टीवाल्याने खातरजमा केली नाही, ट्रक पाठवला. संध्याकाळी तुमच्या घराला बाहेर पडायला वाट नाही, आणि तुम्ही शिव्या देणार भट्टीवाल्यांना. डीएनएसची बहुतेक विचारणा यूडीपी या पद्धतीने चालते. तिच्यात आधी नमस्कार-चमत्कार नसतो. प्रश्नाचं पाकीट येतं, त्यावर पाठवणारा म्हणून जो पत्ता असेल त्याला उत्तर जातं. तो पत्ता खरा आहे का, हे सर्व्हरला कळायची सोय नाही. प्रश्न साठ-सत्तर बाइटचा असतो, आणि प्रश्न हुशारीने निवडला तर उत्तर तीन हजार बाइटचं. अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणेने २०१४ साली हिशेब मांडला होता, की डीएनएसच्या वाटेने हल्ला २८ ते ५४ पट फुगतो. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेवर सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंतचा मारा झाल्याच्या बातम्या आल्या, तो याच तऱ्हेचा होता. त्यातले ‘भट्टीवाले’ म्हणजे जगभर उघडे पडलेले डीएनएस सर्व्हर.

आता भट्टीवाल्याने पाटी लावली, "आम्ही फक्त संगमनेर तालुक्यातल्या ऑर्डरी घेतो." काय झालं? फोन करणारा मी कुठूनही करीन. पत्ता संगमनेरातल्या माणसाचा दिला की झालं, ट्रक निघाला. पाटीमुळे खोटी ऑर्डर देणारा अडत नाही. विटा कुणाच्या दारात पडणार, तेवढं फक्त ठरतं.

पोर्ट ५३ वरचा ‘फक्त भारत’ हा नियम नेमकं हेच करतो, आणि चौकटीत नेमकं हेच सुटलं आहे.

हे पुस्तकी नाही. गावातल्या एका डॉक्टरांनी मागे असाच सर्व्हर उघडला. तक्रार आली ती नेट स्लो झाल्याची. पुण्याच्या एका स्पेशालिस्टशी ते व्हिडिओ कॉलवर पेशंटबद्दल बोलत, तो कॉल अडकायला लागला. आमच्याकडून लाइन ठीक होती, पॉवर ठीक होती, डाउनलोडही ठीक. अपलोड मात्र काठोकाठ भरलेलं. सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण काय विचारून गेलं याची नोंदवही, उघडला तर एकाच नावाची विचारणा, प्रकार ‘एनी’, म्हणजे या नावाबद्दल जे जे आहे ते सगळं द्या. तेच नाव, तोच प्रकार, सेकंदामागून सेकंद. विचारणारे पत्ते सगळे ब्राझीलमधल्या एकाच कंपनीच्या रांगेतले, आकडा शेवटी शेवटी बदलत जाणारा. डॉक्टर म्हणाले, "अहो, ब्राझीलचे हॅकर माझ्या मागे लागलेत." मी म्हटलं, "डॉक्टर, नीट बघा. खरा विचारणारा एकदा उत्तर मिळाल्यावर ते लक्षात ठेवतो, तेवढ्यासाठी उत्तरावर मुदत छापलेली असते. इथं पुन्हा पुन्हा तेच विचारतंय, याचा अर्थ तो उत्तर वाचतच नाही. ब्राझीलवाल्याला कुणीतरी तुमच्या हातून मारतंय."

त्यांना ते पटायला वेळ लागला. लॉगमध्ये ज्याचं नाव दिसतं तो चोर, हे आपल्या डोक्यात इतकं बसलेलं असतं. या बाबतीत लॉगमध्ये दिसतो तो मार खाणारा. मारणारा कुठल्या देशात बसलाय हे त्या लॉगवरून कधीच कळत नाही, आणि जो दिसतच नाही त्याला देशावरून अडवायचा कसा?

डॉक्टरांनी तरी ‘फक्त भारत’ लावला. ब्राझील थांबलं, व्हिडिओ कॉल सुरळीत झाला, डॉक्टर खूश. इथं मला नियमाच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. जो माणूस उघडे सर्व्हर शोधत फिरतो त्याला उत्तर बघायचं असतं, म्हणून शोधताना तो स्वतःचा खरा पत्ता वापरतो. तो परदेशातून शोधत असेल तर ‘फक्त भारत’वाल्या घरातून त्याला काहीच ऐकू येत नाही, तो पुढे जातो. एवढा फायदा आहे. पण मुंबईत क्लाउड कंपन्यांची मोठमोठी डेटा सेंटर आहेत, तिथलं मशीन जगातून कुणीही तासाच्या भाड्याने घेतो, आणि ते मशीन शोधायला निघालं की भारतीय ठरतं. शिवाय आपल्या देशातले व्हायरस लागलेले मोबाइल आणि कॅमेरे कमी का आहेत! डॉक्टरांकडे पुन्हा तसाच लॉग दिसायला लागला, या वेळी पत्ते आपल्याकडच्याच एका होस्टिंग कंपनीचे. ब्राझीलला वाचवलं आणि आपल्याच माणसाच्या दारात विटा टाकल्या.

आता ‘भारताचा पत्ता’ म्हणजे काय, हेही जरा बघू. आयपी पत्ते वाटायची जगात पाच मोठी कार्यालयं आहेत. आपल्या भागाचं एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. आपल्या देशापुरतं वाटपाचं काम निक्सी या संस्थेखाली इरिन बघतं. त्यांच्या यादीत प्रत्येक पत्तारांगेपुढे देशाचं दोन अक्षरी चिन्ह असतं. ते चिन्ह रांग कुणाच्या नावावर नोंदली त्याचं. रांगेतला पत्ता वापरणारा माणूस या क्षणी कुठे आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. एपनिककडचा आयपीव्ही४चा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये तळाला गेला. तेव्हापासून रांगा विकल्या जातात, भाड्याने जातात, एका देशातून दुसऱ्या देशात जातात. तुमच्या राउटरमधली यादी गेल्या दिवाळीत उतरवलेली असेल तर ती गेल्या दिवाळीच्या जगाची आहे.

या याद्यांवर आंधळा विश्वास टाकल्यावर काय होतं, याची एक गोष्ट २०१६ साली अमेरिकेत गाजली होती. मॅक्समाइंड ही पत्त्यावरून ठिकाण सांगणारी नावाजलेली कंपनी. अमेरिकेत आहे पण नक्की कुठे ते माहीत नाही, असा पत्ता आला की त्यांची यादी देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू दाखवायची. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडला. असे साठ कोटींच्या वर पत्ते त्या एका शेतात ‘राहत’ होते. वर्षानुवर्षं पोलीस, तपास अधिकारी, फसवले गेलेले लोक त्या शेतावर जाऊन थडकत. पुढे कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन टाकला. अशाच याद्यांच्या जोरावर आपण ‘फक्त भारत’ म्हणायचं.

रोमिंगचाही घोळ आहे. आपलं सिम घेऊन माणूस जर्मनीला गेला आणि रोमिंगवर नेट चालवलं, तर बहुतेक वेळा त्याचं नेट आपल्या इथल्या कंपनीतूनच फिरून जातं. म्हणजे बसलाय फ्रँकफर्टला, पत्ता भारताचा. हॉटेलच्या वायफायला लागला की पत्ता जर्मनीचा. एकाच खुर्चीत बसून माणूस दोन देशांत. देशाचा नियम त्याला एकदा आत घेणार, एकदा बाहेर काढणार, आणि फोन येणार मला.

डॉक्टरांच्या बाबतीत रोमिंगपेक्षा मजेशीर झालं. त्यांची बहीण न्यू जर्सीला. भावाने कौतुकाने तिच्या टीव्हीतही संगमनेरचाच सर्व्हर घालून दिलेला. ‘फक्त भारत’ लावल्याबरोबर ताईंचा टीव्ही मुका. मग डॉक्टरांनी नियमात अमेरिकाही घातली. जगातल्या आयपीव्ही४ पत्त्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पत्ते एकट्या अमेरिकेच्या नावावर आहेत. एका ताईसाठी अख्खी अमेरिका आत. बरं, त्या बिचारीला फायदाही धड नाही. तिचा टीव्ही प्रत्येक नाव विचारायला संगमनेरपर्यंत येणार, परत जाणार. त्यात अनेक व्हिडिओ कंपन्या विचारणाऱ्या डीएनएस सर्व्हरच्या जवळचं केंद्र नेमून देतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या सोफ्यावर बसून तिला व्हिडिओ मुंबईहून येणार. तिच्या घरात तिचा स्वतःचा छोटा बोर्ड ठेवणं हा साधा उपाय. पुढच्या वेळी ती आली की लोणच्याच्या बरणीबरोबर तोही द्या, असं मी सुचवलं आहे.

नियम लावतानाच्या दोन भानगडी चौकटीत मुळीच नाहीत, त्या सांगतो, कारण याच दोन मला सारख्या निस्तराव्या लागतात.

एक आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. आपल्या देशात निम्म्याहून जास्त वापर आता आयपीव्ही६वर होतो, मोबाइलवर तर सर्रास. लोक देशाची यादी उतरवतात ती आयपीव्ही४ची, नियम लावतात तो आयपीव्ही४च्या फायरवॉलला. आयपीव्ही६ची फायरवॉल वेगळी, तिच्याकडे कुणी बघत नाही. म्हणजे पुढच्या दाराला पहारेकरी आणि मागचं सताड उघडं. आयपीव्ही६मध्ये पत्ते इतके अफाट, की सरसकट ठोठावणं जमत नाही, हे खरं. पण घरचा पत्ता लोकांनी नावाने नोंदवून ठेवलेला असतो, आणि नाव कळलं की पत्ता कळला.

दुसरी भानगड नियमांच्या क्रमाची. डॉक्टरांचा भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, हुशार मुलगा. त्याने सुट्टीत येऊन सर्व्हरवर अनबाउंड बसवलं, म्हणजे मधल्या कुठल्याही कंपनीला न विचारता नावाचा माग थेट मुळापासून काढायचा. छान. आणि ‘भारत सोडून सगळं टाकून द्या’ हा नियम यादीत सर्वांत वर ठेवला. लगेच अर्ध्या साइट उघडेनात. कारण उघड आहे. नावाचा माग काढायला आपला सर्व्हर जगभर प्रश्न पाठवतो. आधी रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरला, मग डॉट कॉमवाल्याला, मग त्या साइटवाल्याला. उत्तरं परदेशी पत्त्यावरून येतात, आणि दारात उभा असलेला नियम ती फेकून देतो. यातली गंमत म्हणजे रूट सर्व्हरच्या प्रती मुंबईतही आहेत. पाकीट मुंबईहूनच आलेलं असतं, पण तो पत्ता यादीत परदेशी संस्थेच्या नावावर, म्हणून बाद. ‘आपणच विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आत येऊ द्या’ हा नियम सर्वांत वर पाहिजे, बाकी सगळं त्याच्या खाली. मुलाला दाखवल्यावर एका मिनिटात कळलं. पण लेख वाचून बसवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असा भाचा नसतो.

मग घराबाहेर जाहिराती बंद करायच्याच नाहीत का? करा ना. पोर्ट ५३ बाहेरच्या जगाला संपूर्ण बंद ठेवा, भारतालाही आणि संगमनेरलाही. पाय-होलच्या सेटिंगमध्ये ‘सगळीकडून येऊ द्या’ हा पर्याय धोकादायक असू शकणाऱ्या पर्यायांच्या यादीत ठेवलेला आहे, तो उगाच नाही. त्याऐवजी घरी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरापर्यंत कुलूपबंद खासगी वाट करून देणारं सॉफ्टवेअर, बसवा. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे, मोबाइलचं ॲप फुकट. घरच्या सर्व्हरची एक किल्ली, प्रत्येक मोबाइलची एक किल्ली. मोबाइल कुठेही असो, आधी किल्ली पटते, मग तो घरातच असल्यासारखा वागतो आणि डीएनएस घरचाच मिळतो. अनोळखी कुणी दार वाजवलं तर वायरगार्ड साधं "कोण?" असंसुद्धा म्हणत नाही, गप्प राहतं. ठोठावणाऱ्याला इथं दार आहे हेच कळत नाही. फक्त डीएनएसपुरतीच वाहतूक घराकडे वळवायची सोयही त्यात आहे, सगळं नेट घरून फिरवायची गरज नाही, त्यामुळे अपलोडवर ताण येत नाही. बहिणीला किल्ली द्या, भाच्याला द्या. कोण कुठल्या देशात आहे याच्याशी मग घेणंदेणं राहत नाही.

ज्यांना ॲप नको त्यांना दुसरी वाट आहे. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, मोबाइलमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाचं सेटिंग आहे. ते ८५३ नंबरच्या पोर्टवर कुलूपबंद डीएनएस वापरतं. त्याला डोमेनचं नाव आणि सर्टिफिकेट लागतं, जरा खटाटोप आहे. पण इथं आधी दोन्ही बाजूंचा नमस्कार-चमत्कार होतो, मगच बोलणं, त्यामुळे खोट्या पत्त्याचा खेळ चालत नाही. या ठिकाणी देशाचा नियम लावलात तर माझी हरकत नाही. येणारे फालतू टकटकणारे कमी होतील, लॉग वाचता येईल. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं लॉगिन, राउटरचं लॉगिन, अशा जागीही तो थोडा कामाचा. (खरं तर ती लॉगिनं बाहेर उघडूच नयेत, पण तो विषय काढला तर तुमची पुरवणी पुरणार नाही.)

आता माझ्या पोटावर पाय देणारं एक वाक्य लिहितो. एवढ्यासाठी स्टॅटिक आयपीचे जादा पैसे भरू नका. बहुतेक घरांना आज आयपीव्ही४चा स्वतःचा पत्ता मिळतच नाही, १०० पॉइंट ६४ पासून सुरू होणाऱ्या रांगेतला एक सामायिक पत्ता मिळतो आणि बाहेर पन्नासजणांचं मिळून एक तोंड असतं. अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही, लोक मात्र रात्र घालवतात. आयपीव्ही६ मिळत असेल तर वायरगार्ड त्यावर चालतं. नसेल तर टेलस्केलसारखी सेवा घरगुती वापराला फुकट मिळते, ती पोर्ट न उघडताच दोन्ही टोकं जुळवून देते.

शेवटी माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल. हा सगळा खेळ चालतो कारण कुठल्यातरी इंटरनेटवाल्याने आपल्या ग्राहकाला खोट्या पत्त्याचं पाकीट बाहेर पाठवू दिलं. ते अडवायची रीत मे २००० मध्येच लिहून ठेवलेली आहे, बीसीपी ३८ म्हणून आमच्या लोकांत ओळखतात. माझ्या राउटरवर तो नियम दोन ओळींचा आहे : मी ज्याला जो पत्ता दिला, तोच पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून बाहेर जाईल, बाकी तिथंच मरेल. राउटरवर त्याचा भार नगण्य. तरी कितीजण लावत नाहीत, कारण न लावल्याचा त्रास त्यांना होत नाही, तिसऱ्यालाच होतो. आणि आमच्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या राउटरमध्ये डीएनएसच्या पानावर ‘अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स’ अशी एक चौकोनी खूण असते. घरातल्या मोबाइलना उत्तर मिळावं म्हणून ती करावी लागते, पण ती केली की राउटर बाहेरच्यांनाही उत्तरं द्यायला लागतो, फायरवॉलमध्ये बाहेरची बाजू वेगळी बंद करावी लागते. लाइन जोडणारी पोरं खूण करतात, दुसरं काम विसरतात. अशा घरात पाय-होल नाही, रास्पबेरी पाय नाही, मालकाला डीएनएस हा शब्द माहीत नाही, आणि त्याचा राउटर रात्रभर कुणाच्या तरी दारात विटा टाकतोय. तक्रार आली की येते माझ्याकडे, कारण पत्ते माझ्या नावावर. २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर यंत्रणेच्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. छोट्या गावातल्या ऑपरेटरला हे झेपवताना काय होतं ते आमचं आम्हाला माहीत.

तर संपादक महोदय, विनंती दोनच. पुढच्या शनिवारी ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, निदान ‘पोर्ट ५३ बाहेर उघडू नये’ एवढं एक वाक्य ठळक अक्षरांत यावं. आणि त्याखाली वाचकांना घरच्या घरी तपासता येईल अशी ही कृती द्यावी. लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup), मग एखाद्या साइटचं नाव, मग आपल्या घरचा बाहेरून दिसणारा पत्ता, असं एका ओळीत टाइप करा. घरचा पत्ता आधी वायफायवर असतानाच ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधून लिहून ठेवा. आयपीव्ही६चा पत्ता असेल तर तीच तपासणी त्यावरही करा, पण त्यात टाकायचा तो राउटरचा आणि डीएनएस चालवणाऱ्या बोर्डाचा पत्ता, कारण आयपीव्ही६मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राचा पत्ता वेगळा असतो. वेळ संपल्याचा किंवा नकाराचा संदेश आला तर ठीक. साइटचा पत्ता परत आला, तर तुमचं दार उघडं आहे. हॉटस्पॉट भारतातलाच असल्यामुळे ‘फक्त भारत’ लावलेल्यांनाही ते उघडंच दिसेल. तसं दिसलं तर ज्याने लाइन जोडली त्याला बोलवा आणि बाहेरच्या बाजूने ५३ नंबर, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, बंद करून घ्या. आमच्या भागातल्या ग्राहकांनी ग्रुपवर मेसेज टाकला तरी चालेल, आम्ही इथूनच बंद करून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
संगमनेर

(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. छापू नये ही विनंती, डॉक्टर आमचे ग्राहक आहेत.)